माझंच खोटं खोडायला ॲन आर्बरला

आधीच सांगून ठेवते, हा राग अजून उतरलेला नाही. जर्सी सिटीहून ॲन आर्बरला गाडीने जायचं तुमच्या मनात असेल, तर रस्ता, टोल, खाणं, मुक्काम सगळं पुढे येईल. पण ते शांत डोक्याने लिहिलेलं नाही, एवढं समजून घ्या.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी मॅनहॅटनमधल्या ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि मावसबहिणीचा मेसेज आला. सूर्योदयाच्या वेळी पाण्याच्या भांड्यावर काशाची थाळी धरा, लाकडी दांडीने सावकाश ठोके द्या, त्या नादाने पाण्याची आतली रचना बदलते, हे पाणी पिणाऱ्याला बीपीची गोळी लागत नाही, अमेरिकेतले अंतराळशास्त्रज्ञही थक्क झाले आहेत, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. खाली हात जोडलेले, फुलं, दिवे. मी घास तोंडात तसाच धरून पुन्हा वाचलं. अंतराळशास्त्रज्ञ सोडले, तर त्यातलं वाक्यन् वाक्य माझं होतं.

मी दिवसा एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधते आणि उरलेल्या वेळात मराठीत रहस्यकादंबऱ्या लिहिते. त्यातल्या एकीत एक तोतया डॉक्टर आहे. मधल्या एका प्रकरणात तो भरल्या सभागृहात ही थाळी वाजवतो, लोकांना पाणी पाजतो आणि लोक बरे होतात. शेवटच्या प्रकरणात उघड होतं, की बदमाशाने पाण्यात गोळ्याच कुटून घातलेल्या असतात. म्हणजे अख्खी कादंबरी ही थाळी खोटी आहे हे सांगायला लिहिलेली. आणि कुण्या दिवट्याने मधलं प्रकरण उचललं, तोतयाचं नाव पुसलं, शास्त्रज्ञ चिकटवले आणि दिलं सोडून.

तरी मी गप्प बसले असते. त्याच संध्याकाळी समीरचा फोन आला.

समीर म्हणजे गोगटे बाईंचा मुलगा. गोगटे बाई आम्हाला साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "कशावरून?" पुस्तकात लिहिलंय म्हटलं, तरी "पुस्तकाला कशावरून कळलं?" गोगटे सर गेल्यावर समीर त्यांना ॲन आर्बरला घेऊन आला. तो तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो, कसलीशी मोठमोठी आकडेवारी तपासतो. माझी प्रत्येक कादंबरी छापायला जाण्याआधी बाई वाचतात. थाळीच्या कादंबरीच्या वेळी त्यांनी मला फोनवर झापलं होतं, "काशात तांबं आणि कथील असतं गं. जस्त पितळेत. एवढं शिकवून काय उपयोग झाला?"

"वसुधाताई, आईने बीपीची गोळी बंद केलीय," समीर म्हणाला. "तुमची ती थाळी वाजवते रोज. डॉक्टर म्हणाले, प्रेशर असंच राहिलं तर पॅरालिसिसची भीती आहे. तुम्ही बोलून बघा ना. मला नाही बोलता येत त्यावर."

तुमची ती थाळी! मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, उद्या सकाळी निघायचं.

प्रसाद नागपूरचा. जग बुडालं तरी आधी चहा घेईल अशातला. "काहून इतकी भडकून राहिली? फोनवर सांग नं बाईंना, की खोटं आहे म्हणून."

"त्यांना माहितीय खोटं आहे! त्यांनी शेवट वाचलाय!"

म्हणाले खरी, पण आपण काय बोललो याचा विचार त्या वेळी मी केला नाही. रागात कोण करतं?

शुक्रवारी ऑफिसला सुट्टी टाकून सकाळी निघालो. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास. वाटेत शाकाहारी माणसाला बटाट्याखेरीज वाली नसतो, तेव्हा हे न्याच. न्यू जर्सी सोडण्याआधी टाकी भरून घ्या. इथे पंपावरचा माणूस येऊन भरून देतो, पुढे पेनसिल्व्हेनियात थंडीवाऱ्यात स्वतः उतरावं लागतं. डेलावेअर नदीच्या पुलावर किरकोळ टोल आहे, गाडीला टोलचा टॅग असेल तर थांबायची गरज नाही. त्या पुलापाशी डोंगर मधोमध चिरून नदी वाट काढते. उतरून पाहण्यासारखी जागा आहे. मी उतरले नाही. मी बाईंना काय काय बोलायचं याची उजळणी करत होते.

पुढे इंटरस्टेट ऐंशीवरून तासन् तास पेनसिल्व्हेनिया. संपतच नाही. चढ, उतार, ट्रक, पुन्हा चढ. झाडांना पालवी नव्हती, सावलीतल्या घळींमध्ये मळकट बर्फ तसाच होता. प्रसाद मध्येच म्हणाला, "डावा खांदा दुखून राहिला यार."

"सीट नीट लाव," मी म्हटलं आणि पुन्हा मेसेजवर आले. "पण मला सांग, अंतराळशास्त्रज्ञांना बीपीशी काय करायचंय?"

क्लिअरफिल्डच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक पाटी लागते. मिसिसिपीच्या पूर्वेला या महामार्गावरची ही सर्वांत उंच जागा, असं त्यावर लिहिलंय. आजूबाजूला पाहिलं तर उंचबिंच काही वाटत नाही, नुसतं गवत आणि झाडं. तरी आपण मान डोलावतो, कारण कुणीतरी उपकरणं खांद्यावर घेऊन इथे आलं, मोजलं आणि मग पाटी लावली. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा मोजावं, डोंगर कुठे पळून जात नाही. विज्ञानाकडे माझं मागणं एवढंच असतं. श्रद्धेशीही माझं वाकडं नाही. माझ्याकडे गणपती बसतो आणि मोदक मीच करते. पण गणपतीने मला कधी गोळी बंद कर म्हटलेलं नाही. हे सगळं मी प्रसादला मोठ्याने ऐकवलं. त्याने पुरी खात ऐकलं.

मुक्कामाला क्लॅरियन हे गाव बरं पडतं. महामार्गाला लागून मोटेल आहेत, शंभर डॉलरच्या आसपास खोली मिळते आणि सकाळी ब्रेड-कॉफीही. जेवायला शेजारच्या डायनरमध्ये गेलो. मेन्यूत आमच्यासाठी चीज सँडविच, तळलेले बटाटे आणि सफरचंद भरलेला ॲपल पाय. पाय मात्र उत्तम, चुकवू नका. वाढणाऱ्या बाईने विचारलं, कुठे निघालात? प्रसादने नको तेवढं सांगितलं, ही लेखिका आहे, थ्रिलर लिहिते वगैरे. तिचे डोळे चमकले.

"ओ, इज इट बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी?"

जिथे जाईन तिथे हाच प्रश्न! पुण्याच्या प्रकाशनात हाच, जर्सीतल्या हळदीकुंकवाला हाच. मी नाही म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. मी बसून, डोकं खर्चून, एक अख्खं खोटं चोख रचलंय याचं कुणाला कौतुक नाही. सगळ्यांना खरंच हवं असतं, आणि तेही रहस्यकादंबरीतून. जिथून खरं घ्यायचं तिथून घेताना मात्र हेच लोक म्हणतात, डॉक्टरांचं काय हो, ते कंपन्यांना विकले गेलेत.

शनिवारी सकाळी ओहायोत शिरलो. ओहायोचा टोलरस्ता सरळ, सपाट आणि कंटाळवाणा. टोल टॅगवर कापला जातो, रोख देणाऱ्याला जास्त पडतो. मधले थांबे मात्र स्वच्छ, कॉफी गरम. अशा एका थांब्यावर प्रसाद खांदा चोळत म्हणाला, "आजही दुखूनच राहिला बे हा."

"वय झालं तुझं. चल, मी चालवते," म्हटलं, आणि टोलीडोपर्यंत मी चालवली. तिथून तेवीस नंबरच्या रस्त्याने उत्तरेला तासाभरात ॲन आर्बर. गावात पार्किंगच्या नावाने बोंब आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या भागात फिरायचं असेल तर गाडी लांब ठेवून बस घ्या. सायकलवाले उजवीकडून डावीकडून कुठूनही येतात.

समीरचं घर गावाच्या कडेला. बाईंनीच दार उघडलं. साधी सहावारी, त्यावर समीरचा जुना स्वेटर, पायात लोकरीचे मोजे. "आलीस? किती बारीक झालीस. प्रसादराव, या." आवाज खणखणीत. मला एकदम काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते कळेना. भिंतीशी टेबलावर बीपी मोजायचं यंत्र आणि त्याच्या शेजारी ती. काशाची थाळी. घासून लख्ख केलेली. माझं डोकं पुन्हा गरम झालं.

समीरची बायको कामासाठी बाहेरगावी होती. त्यांची सोळा वर्षांची मुलगी तन्वी सोफ्यावर होती. तिला मी विचारलं, "तुला काय वाटतं गं आजीच्या थाळीबद्दल?"

"आय मीन, इट्स हर ट्रुथ, मावशी. वी शुड रिस्पेक्ट इट."

तिचं सत्य. म्हणजे आता सत्यही टूथब्रशसारखं ज्याचं त्याचं वेगळं. पोरगी गोड आहे, तिला काय बोलणार? शाळेत हेच शिकवलंय. पण बीपीच्या यंत्राला आजीचं सत्य, आजोबांचं सत्य असलं काही कळत नाही, ते आपला आकडा दाखवतं. आणि तो आकडा, बाईंनी माझ्यासमोर मोजला तेव्हा, चांगला नव्हता. बाईंनी तो बघितला आणि यंत्राची पट्टी शांतपणे गुंडाळून ठेवली.

स्वयंपाकघरात समीरने मला बाजूला घेतलं. "ताई, एक आयडिया आहे. तुमच्या बुकमध्ये तो माणूस करतो ना, तसं करू का? गोळी क्रश करून तिच्या त्या पाण्यात..."

 कादंबरीतला खलनायक करतो ते, आईला, न सांगता! "समीर, तू तिला समोर बसवून विचारलंस का, की गोळी का बंद केली?"

"फेथचा मॅटर आहे ताई. त्यात आर्ग्यू नाही करता येत. इथे आम्ही ते रिस्पेक्ट करतो."

रविवारी सकाळी खरा तमाशा. बेसमेंटमध्ये गावातली दहाबारा मराठी मंडळी जमली. पुण्याची, मुंबईची, एक जोडपं अमरावतीचं. जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं. बाईंनी पाण्याच्या भांड्यावर थाळी धरली आणि ठोके दिले. नाद सुंदर होता, हे मान्य. सगळे डोळे मिटून. मी एकटी उघड्या डोळ्यांनी, दातओठ खात.

मग शिंदेकाका बोलायला उठले. लेकाकडे राहायला आलेले निवृत्त गृहस्थ, सत्तरीपुढचे. "अहो, मीसुद्धा आधी मानत नव्हतो. पण बाईंचा तो खोकला! अख्खा हिवाळा बाई खोकत होत्या. औषधं झाली, वाफारे झाले. थाळी सुरू केली आणि आठ दिवसांत खोकला बंद! विज्ञान शिकवणारी बाई आहे ही, उगाच करेल का? मग मीही माझी बीपीची गोळी सोडून दिली."

तेव्हा मला कळलं काल दारात काय वेगळं वाटलं होतं ते. खोकला नव्हता. हिवाळाभर फोनवर बाईंचं वाक्य कधी पुरं होत नसे. मध्येच तो कोरडा, घसा खरवडणारा खोकला यायचा. पण तेव्हा ते डोक्यात धरायला मला सवड नव्हती. आणखी एक म्हातारा माणूस माझ्या तोतया डॉक्टरच्या नादाने गोळी सोडून बसला होता.

मी उभी राहिले. नमस्कार वगैरे काही नाही. म्हटलं, "हे सगळं मी लिहिलंय. माझ्या कादंबरीत आहे. तो माणूस चोर आहे, शेवटी पकडला जातो. थाळीने काहीही होत नाही. मी जर्सी सिटीत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, भाजी शिजेपर्यंत हे रचलंय."

 मला वाटलं, आता पडला उजेड. मग अमरावतीच्या ताई हळूच म्हणाल्या, "असंच होतं हो. लिहिणाऱ्याला कुठे माहीत असतं? तुमच्या हातून लिहून घेतलं गेलं."

"कुणी लिहून घेतलं?"

"तुम्ही माध्यम होतात," शिंदेकाका म्हणाले. आणि वाकून मला नमस्कार केला. वयाने वडिलांसारखा माणूस! वर म्हणाले, "शेवट तेवढा तुमचा असेल."

काय करावं अशा लोकांचं? मी खरं बोलले तर ते माझं अज्ञान, आणि मी रचलेलं खोटं ते देवाचं सत्य. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर एका काकूंनी ते भक्तीचं समजून माझ्या हातात खिचडीची डिश दिली. खिचडी छान होती, हे त्याहून चीड आणणारं.

मंडळी गेल्यावर बाई म्हणाल्या, "चल, चालून येऊ." गावात नदीकाठी विद्यापीठाचं मोठं वनस्पती उद्यान आहे, इथले लोक त्याला आर्ब म्हणतात. प्रवेश फुकट. वरून उताराची पायवाट थेट ह्युरन नदीपर्यंत जाते. वसंतात चिखल असतो, बूट तसे घाला. प्रसादने आम्हाला फाटकाशी सोडलं. बाई माझा दंड धरून सावकाश उतरत होत्या. नदीला पाणी भरपूर होतं, काठच्या फांद्यांवर नुसते कोंब.

मी बाकावर बसल्या बसल्या सुरू झाले. "बाई, शेवटचं प्रकरण तुम्ही वाचलंय. जस्त काढून कथील तुम्ही घालायला लावलंत. तुम्हाला माहितीय थाळी खोटी आहे."

"माहितीय."



"मग हे काय चाललंय?"

"नोव्हेंबरात ही नवी गोळी सुरू झाली," बाई नदीकडे बघत म्हणाल्या. "दोन आठवड्यांत खोकला लागला. मी समीरला म्हटलं, गोळीमुळे आहे. तो म्हणाला, आई, दोन गोष्टी एकामागोमाग झाल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. बरोबरच आहे. मीच शिकवलंय त्याला. म्हणून मी गोळी बंद केली. खोकला गेला. पुन्हा सुरू केली, पुन्हा आला. पुन्हा बंद केली, गेला. याला काय म्हणतात?"

"प्रयोग," मी शाळेतल्यासारखी म्हणाले.

"हे मी त्याला सांगितलं तर म्हणे, हीटरची कोरडी हवा आहे, हवा ओलसर ठेवायला ह्युमिडिफायर आणतो. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर समीरशी बोलत होते, समीर डॉक्टरांशी. मी मध्ये बसलेली. मला इंग्रजी येत नाही असं नाही, पण त्या वेगात माझं वाक्य तयार होईतो ते दोघं उठले होते. आणि गोळी घेतली नाही की घरात रोज भांडण, म्हणून पुन्हा घेत राहिले, खोकत राहिले. मग तो मेसेज आला, थाळीचा. मी गंमत म्हणून वाजवली. तन्वी म्हणाली, आजी, इज धिस युवर फेथ? मी म्हटलं, हो." बाई हसल्या. "काय सांगू वसुधा, त्या दिवशी गोळी सोडली, तेव्हापासून त्यावरून कुणी मला एक शब्द बोललं नाही. मला खोकला येतो म्हटलं तर सगळ्यांकडे उत्तर होतं. माझी श्रद्धा आहे म्हटलं, तर सगळे चूप. आदराने चूप."

मी इतका वेळ राग घेऊन फिरत होते आणि तो कुठे ठेवायचा तेच कळेना. मी रहस्यकथा लिहिते! माणूस असं का वागला, त्याचा हेतू काय, हा माझ्या धंद्याचा पहिला प्रश्न. प्रत्येक खुन्याला मी तो विचारते. बाईंना विचारला नाही. शेवट वाचलेली बाई थाळी वाजवते म्हटल्यावर मी सरळ धरून चाललेले, की म्हातारपणी बुद्धी फिरली.

पण राग तर होताच. "आणि शिंदेकाका? त्यांच्या गोळीने कुठे खोकला आणला होता? तुम्ही विज्ञान शिकवलंत म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना काही झालं तर?"

बाईंचा चेहरा उतरला. "ते आज कळलं मला. तुझ्याबरोबरच."

"आणि तुमचं स्वतःचं प्रेशर? दुसरी गोळी मागायची होती!"

"मागितली गं!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की काठावरची बदकं सरकली. "मागितलीच होती. कुणाला ऐकू आलं?"

घरी आल्यावर मी समीरला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तो माझ्याहून धाकटा आहे म्हणून बोलू शकले. "तुझ्या आईने गोळी बंद करून, सुरू करून, पुन्हा बंद करून दाखवली. तुझ्या लॅबमध्ये एखाद्या स्टुडंटने हे केलं असतं तर पाठ थोपटली असतीस. आईने केलं तर ह्युमिडिफायर! तिने नुसतं श्रद्धा म्हटलं तर रिस्पेक्ट! अरे, तिच्या श्रद्धेला मान देतोस, मग तिच्या अकलेने काय घोडं मारलंय?"

समीर खुर्चीत बसला. त्याने फोनवर त्या गोळीचं नाव घालून पाहिलं. मिनिटभरात मान खाली गेली. त्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो, हे तिथे पहिल्याच पानावर होतं. "आय नेव्हर लुक्ड," तो म्हणाला. मग मराठीत, "आई, मी बघितलंच नाही गं."

"आता बघितलंस ना? मग उद्या सकाळी फोन कर डॉक्टरांना," बाई म्हणाल्या. "आणि मीच बोलणार. तू नुसता शेजारी बस."

संध्याकाळी बाईंना घेऊन आम्ही शिंदेकाकांकडे गेलो. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, खिडकीत तुळस. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. माझा खोकला गोळीने आला होता, गोळी थांबवल्याने गेला, थाळीचा काही संबंध नाही, मी सगळ्यांना फसवलं, तुम्ही आजपासून गोळी सुरू करा. शिंदेकाका समजूतदारपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "घरचे दबाव टाकतात बाई, मी समजू शकतो."

मी उसळलेच. बाईंनी माझा हात दाबला. मग त्यांनी काकांना साधंच विचारलं, "गोळी सोडायची होतीच का तुम्हाला? आधीपासून?"

 काका हळू आवाजात म्हणाले, "गोळीने रात्री सारखं उठावं लागतं हो लघवीला. बाथरूम मुलाच्या खोलीला लागून आहे. सून झोपमोडीचं काही बोलत नाही, पण..." आणि त्यांनी तुळशीकडे बघितलं.

बाईंनी मान हलवली. "हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"असलं काय सांगायचं?"

"तेच सांगायचं. उद्या मी येते सकाळी. आपण दोघं मिळून फोन करू."

सोमवारी आम्ही परत फिरलो. ओहायो तेवढाच सपाट होता आणि पेनसिल्व्हेनिया तेवढाच लांब. या खेपेला डेलावेअरच्या पुलाअलीकडे थांबून डोंगर पाहिला. चांगला आहे. दोन दिवस काढून जा, रागाशिवाय गेलात तर जास्त आवडेल.

घरी आल्यावर माझ्या प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर ठळक छापा, यातली थाळी, नाद, पाणी सगळं खोटं आहे. ते म्हणाले, "छापू की. उलट खप वाढेल. लोकांना वाटेल तुमच्यावर कुणाचा तरी दबाव आहे." मी फोन आपटला. आजच तो मेसेज पुन्हा आला, आता त्यात माझं नावही आहे, 'थोर साधिका' म्हणून.

बाईंची गोळी बदलली. खोकला नाही, प्रेशर उतरतंय. शिंदेकाकांच्या डॉक्टरांनी त्यांना गोळी सकाळी घ्यायला सांगितली, बस्स एवढंच. ते गोळी घेतात आणि त्यानंतर थाळीही वाजवतात. मी बाईंना म्हटलं, म्हणजे शेवटी थाळीचाच विजय. "वाजवू दे," बाई म्हणाल्या. "नाद चांगला आहे. कान देऊन कोणी ऐकलं म्हणजे झालं."

हे सगळं लिहीत बसले होते तेवढ्यात प्रसाद चहा घेऊन आला. कप उजव्या हाताने ठेवला, डावा अंगाशी धरलेला. "खांदा काही जाऊन नाही राहिला बावा."

सीट नीट लाव, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. आम्ही घरात होतो, सीट कुठली? मी लॅपटॉप बंद केला आणि समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस इथे. कधीपासून दुखतोय?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी चिडवतेय की काय म्हणून. मग बसला. "जानेवारीपासून," म्हणाला.